गोरखपूर ते काठमांडू : पलटणीच्या बटणांच्या मागावर

सोमवार, गोरखपूर

गोरखपुरात उतरल्यावर आम्ही आधी कुनराघाट गाठलं. भारतीय लष्कराचा गोरखा भरती डेपो तिथे आहे. जिथे पलटण तिथे शिंपी, आणि जिथे शिंपी तिथे बटणांचा डबा. जुनी लष्करी बटणं शोधताना मी जुन्या वस्तूंच्या दुकानाआधी शिंप्याकडे जाते. दुकानात माल निवडून, घासूनपुसून येतो. शिंप्याच्या डब्यात तो कोटावरून उतरला तसाच पडलेला असतो, कधी पाठीवरच्या कडीत दोरा अडकलेला, कधी खाकी कापडाचा तुकडा लोंबणारा. मला तो दोरासुद्धा हवा असतो.

सोबतीला शेजारचे काका होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त, मूळचे साताऱ्याकडचे. बटणं जमवण्यात त्यांना रस नाही, पण गोरखा पेन्शनरांना त्यांच्या गावात जाऊन भेटायचं त्यांच्या मनात कधीपासून होतं. "सीमेवर शेजारच्या पोस्टात असायची ही माणसं. घरं कशी आहेत ते तरी बघू दे," एवढंच म्हणाले आणि पिशवी भरली.

शिंप्याने दोन डबे पुढ्यात ओतले. अशा ढिगाऱ्यात पहिली विभागणी माथ्यावरच्या चिन्हावरून करायची: मुकुट की सिंह? २६ जानेवारी १९५० ला भारत प्रजासत्ताक झाल्यावर लष्करी चिन्हांवरचा मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. सिंह दिसले की बटण त्यानंतरचं, विषय संपला. मुकुट असेल तर त्याच्या कमानी बघायच्या. १९०१ ते १९५२ या राजांच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी फुगीर, गोल खांद्याच्या असतात. एलिझाबेथ राणीच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खोलगट. व्हिक्टोरियाच्या काळातला मुकुटही खोलगटच असल्यामुळे तिथे नुसत्या तोंडावरून निकाल देता येत नाही, बटण पालथं करावं लागतं. आणि खोलगट मुकुटाखाली खुकरी असून पाठ नवी दिसली, तर ते बटण भारतीय लष्कराचं नाहीच. १९४७ मध्ये दहा गोरखा रेजिमेंटांची वाटणी झाली. १, ३, ४, ५, ८ आणि ९ भारताकडे राहिल्या. २, ६, ७ आणि १० ब्रिटनकडे गेल्या. ११ वी भारताने १९४८ मध्ये नव्याने उभी केली. हे आकडे पाठ असले की अर्धा ढिगारा तिथल्या तिथे मार्गी लागतो.

मुकुटाखाली गुंफलेली इंग्रजी अक्षरंही बोलतात. व्ही, आर, आय असतील तर व्हिक्टोरिया, आणि शेवटचा आय म्हणजे सम्राज्ञी. तो किताब १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात जाहीर झाला, म्हणजे बटण त्याच्या आधीचं असू शकत नाही. जी, आर, आय असतील तर पाचवा किंवा सहावा जॉर्ज.

काकांनी एक पितळी बटण उचललं. "ही कुठली पलटण गं? बी, एन, डब्ल्यू, आर?" ती बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे. तिचं मुख्यालय याच गोरखपुरात होतं. रेल्वेच्या स्वतःच्या व्हॉलंटियर पलटणीही असत, त्यामुळे रेल्वेची बटणं लष्करी म्हणून सर्रास विकली जातात. पण स्टेशनमास्तर आणि गार्डांच्या कोटांची बटणं त्यापेक्षा कितीतरी जास्त बनली. नुसती कंपनीची अक्षरं असतील आणि रायफल्स, व्हॉलंटियर असा काही शब्द नसेल तर ते रेल्वेच्या नोकराचं बटण मानावं. मी ते घेतलं. गार्डाच्या बटणालाही गाव असतं, आणि याचं गाव हेच होतं.

संध्याकाळी गोरखनाथाच्या मंदिरात गेलो. ज्ञानेश्वरांच्या गुरुपरंपरेत गहिनीनाथांच्या वर ज्यांचं नाव येतं ते हे गोरखनाथ. नेपाळच्या जुन्या राजचिन्हात दोन खुकऱ्यांच्या जोडीला त्यांच्याच पादुका आहेत. मी त्या बटणांवर आणि बॅजांवर पाहिल्या होत्या. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी पायरीवर पुन्हा एकदा हात टेकवला.

मंगळवार, सुनौली ते तानसेन

सुनौलीला कमानीखालून चालत पलीकडे गेलं की नेपाळ. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे हिशोबाला सोपं. भैरहवा, मग बुटवल, आणि तिथून डोंगर सुरू.

बुटवलला तिनाऊ नदीकाठी जितगढीचा किल्ला आहे. कंपनी सरकार आणि नेपाळ यांच्या युद्धात उजीरसिंह थापाने इथे इंग्रजांना मागे हटवलं होतं. लढाई संपली ती सुगौलीच्या तहाने, १८१६ मध्ये. पण गोरख्यांच्या पलटणी उभारायला कंपनीने १८१५ मध्येच सुरुवात केली होती. नसिरी, सिरमूर, कुमाऊं ही त्या पहिल्या बटालियनांची नावं. पुढे त्यांनाच १, २ आणि ३ असे क्रमांक मिळाले.

आणि क्रमांक हीच या छंदातली सगळ्यात मोठी गाठ आहे. एकाच पलटणीला वेगवेगळ्या काळात वेगवेगळे आकडे होते. ६ व्या गोरखा रायफल्सचा आकडा १९०३ पर्यंत ४२ होता, ८ वीच्या एका बटालियनचा ४४. १९०३ मध्ये लॉर्ड किचनरने बंगाल, मद्रास, मुंबई अशा वेगळ्या सैन्यांचे आकडे मोडून साऱ्या हिंदी सैन्याची एकच माळ लावली. आपल्याकडच्या पलटणी तेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा झाल्या, आणि १९२२ मध्ये त्या सगळ्या मिळून ५ वी मराठा लाइट इन्फंट्री. त्यामुळे बटणावर नुसता ५ पाहून उडी मारू नये. पाचाबरोबर शिंग म्हणजे बिगूल असेल तर मराठा, खुकऱ्या असतील तर गोरखा. काकांना हे सगळं माहीत होतं, पण शंभराच्या घरातले आकडे बटणावर छापलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. बसमध्ये त्यांनी माझ्या वहीतलं ११७ चं चित्र बराच वेळ बघितलं.

तानसेनला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. थंडी चांगलीच होती.

बुधवार, तानसेन

सकाळी टक्सारला गेलो. पाल्पाची, म्हणजे या भागाची, टांकसाळ इथे होती. आता तिथे करुवा बनतो, बाकदार तोटीचा जड काशाचा लोटा. एका कारखान्यात कारागीर साचा फोडत होता आणि मला हवं होतं ते सगळं समोर घडत होतं.

खरी लष्करी बटणं बहुतेक ओतलेली नसतात. पत्र्याची चकती पोलादी ठशात दाबून काढतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची बटणं सपाट, एकाच चकतीची. पाठीवर कडी डाखलेली. पुढे दोन तुकड्यांची आली. बर्मिंगहॅमच्या बेंजामिन सँडर्सने १८१३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं: पुढचा फुगीर पत्रा मागच्या चकतीवर कडेने दुमडायचा, आत पोकळी. असं बटण हातात हलकं लागतं, आणि कडेला नख लावलं तर दुमड कळते. ठशात दाबल्यामुळे खुकरीच्या मुठीवरची रेघ, मुकुटातले मणी धारदार उठतात.

नक्कल करणारा मात्र खऱ्या बटणावरून साचा घेतो आणि पितळ ओततो. कारागिराने साच्यातून नुकताच निघालेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. पृष्ठभाग बारीक रवाळ, कडा बोथट. "थंड होताना आक्रसतं," तो म्हणाला, "म्हणून आम्ही मेणाचा नमुना जरा मोठा धरतो." बटणाची नक्कल करणारा नमुना मोठा धरत नाही, तो खऱ्याचाच साचा घेतो; म्हणून ओतीव नक्कल खऱ्यापेक्षा किंचित लहान भरते. कॅलिपर सोबत ठेवायचा तो याचसाठी. बटणाचं माप व्यापारात लाइनमध्ये मोजतात, चाळीस लाइन म्हणजे एक इंच. कोटाचं मोठं बटण चाळिसाच्या आसपास, अंगरख्याचं तिशीच्या, टोपीचं विशीच्या. ठराविक मापापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी आणि वजन मात्र जास्त, असं दिसलं की मी ते खाली ठेवते.

दुपारी शीतलपाटीच्या पांढऱ्या अष्टकोनी मंडपात बसलो. हा मंडप आणि खाली काली गंडकीच्या काठचा राणीमहाल, दोन्ही खड्गशमशेर राणा यांनी बांधवले. ते इथे गव्हर्नर होते, म्हणजे काठमांडूच्या सत्तेपासून दूर ठेवलेले. पुढे ते भारतात जाऊन सागरला राहिले. ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे त्यांच्या मुलीची मुलगी. एका मराठी घराण्याचा हा धागा पाल्पाच्या चौकात बसून आठवला, आणि तो पुढे काठमांडूत कामाला आला.

गुरुवार, पोखरा

सिद्धार्थ राजमार्गाची वळणं संपता संपत नाहीत. पोखऱ्याला पोचून थेट गोरखा स्मारक संग्रहालयात गेलो. पहिल्या मजल्यापासूनच पलटणीनिहाय मांडणी आहे: गणवेश, पदकं, फोटो. गोरखा रेजिमेंटांना मिळालेले व्हिक्टोरिया क्रॉस २६. त्यांतले १३ ब्रिटिश अधिकाऱ्यांचे आणि १३ गोरखा जवानांचे. जवानांत पहिला १९१५ मधला, कुलबीर थापा यांचा, ३ री गोरखा रायफल्स. काका प्रत्येक फोटोसमोर थांबत होते. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या आपल्या दोघांची नावं त्यांनी तिथल्या रखवालदाराला सांगितली, दोघंही मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघंही इटलीतले. रखवालदार स्वतः माजी सैनिक होता, त्याने दोन्ही नावं नीट ऐकून घेतली.

मी काचेला नाक लावून बटणं वाचत होते. रायफल रेजिमेंटचा गणवेश गडद हिरवा आणि बटणं काळी. उन्हात चमकून ठावठिकाणा देऊ नये म्हणून ही परंपरा पडली. काळं बटण हातात आलं की ते कशाचं हे ठरवावं लागतं. शिंग दाबून केलेलं असेल तर उजेडासमोर कडेला तपकिरी पारदर्शक झाक दिसते, आणि जुनं असेल तर किड्याने कुरतडल्याच्या बारीक खाचा. काळा रंग दिलेला धातू असेल तर घासलेल्या जागी पितळ डोकावतं. प्लॅस्टिकच्या कडेला साच्याची शिवण असते. तापवलेली सुई टोचून वास घ्यायचा उपाय काही जण सांगतात. कृपा करून कोणी करू नये, भोक कायमचं राहतं.

चिन्हांची उजळणी इथे छान झाली. बहुतेक गोरखा रेजिमेंटांची चिन्हं म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन खुकऱ्या आणि आकडा. दोन मात्र लांबूनच वेगळ्या कळतात: २ री, जिच्यावर प्रिन्स ऑफ वेल्सचे तीन पिसांचे तुरे आहेत, आणि १० वी, जिच्यावर बिगुलात गुंतलेली एकच खुकरी आणि रोमन दहाची फुली.

शुक्रवार, पोखऱ्याजवळचं गाव

संग्रहालयात काकांची ज्यांच्याशी ओळख झाली त्या निवृत्त हवालदारांनी घरी बोलावलं. जीपने तासभर, मग पायऱ्या. गुरुङ लोकांचं गाव, दगडी घरं, अंगणात वाळत घातलेलं कोदो म्हणजे नाचणी. समोर माछापुच्छ्रे शिखर इतकं जवळ की काका चप्पल काढायची विसरले आणि उंबऱ्यात उभेच राहिले.

"राम राम, सुबेदार साहब."

"राम राम, हवालदारसाहेब. घर लई उंचावर बांधलंत."

हवालदार भारतीय लष्कराच्या गोरखा पलटणीतले, पेन्शन पोखऱ्याच्या भारतीय पेन्शन कचेरीतून घेतात. जेवायला ढिंडो आणि गुंद्रुकची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीची, आमटी. नाचणीचा ढिंडो काकांना उकडीसारखा ओळखीचा लागला, दोनदा मागून घेतला. मग हवालदारांच्या आईंनी, ज्यांना घरातले सगळे आमा म्हणत होते, खाटेखालची काळी ट्रंक ओढायला सांगितली. आत त्यांच्या सासऱ्यांचा कोट होता. जाड खाकी कापड, कॉलरला कसर लागलेली. सासरे लाहुरे, म्हणजे परदेशी पलटणीत नोकरी केलेले, दुसऱ्या महायुद्धातले. कुठल्या पलटणीत ते कोणाला सांगता येत नव्हतं. "जर्मनांशी लढले" एवढंच घरात चालत आलेलं.

पुढच्या बाजूला पाच काळी बटणं. मी आधी हात लावला नाही. कोट खाटेवर पसरला, खिडकी उघडली आणि वरून खाली एकेक बघत गेले. चार बटणांवर खुकऱ्यांची जोडी आणि ६. वरून चौथं वेगळं होतं: बिगूल, त्यात एक खुकरी, आणि फुली. १० वी.

हे जुळत नव्हतं, आणि म्हणूनच मला त्यात फार रस वाटला. भरतीचा एक भूगोल असतो. २ ऱ्या, ६ व्या अशा पलटणींत पश्चिम नेपाळातले मगर आणि गुरुङ जात. ७ व्या आणि १० व्या पलटणींत पूर्वेकडचे राई आणि लिंबू. ९ वीत छेत्री आणि ठकुरी. पोखऱ्याजवळच्या गुरुङ घरात ६ चं बटण अगदी जागच्या जागी होतं. १० चं बटण या घराशी कसं आलं?

भिंगातून दोरे बघितले. चार बटणांचा दोरा एकसारखा, फिका खाकी, मागे घट्ट गाठ. चौथ्याचा दोरा काळा आणि टाके वाकडेतिकडे. शिंप्याचा हात नव्हे, कोणीतरी स्वतः बसवलं होतं. पण बटणाखालचं कापड बाकीच्या चारही ठिकाणी होतं तितकंच गडद राहिलं होतं, म्हणजे हे दहाचं बटण कोट वापरात असतानाच लागलं, पुढे कधीतरी ट्रंकेतून काढून नव्हे.

हवालदारांच्या सूनबाईंनी कात्री आणली. "दिदी, तुम्ही एवढ्या लांबून आलात. कापून घेऊन जा, इथे कोण बघतंय?" आमांनीही मान हलवली.

मी नाही म्हटलं. खूप मनापासून देत होत्या, म्हणून जरा समजावून सांगावं लागलं. कापून नेलं असतं तर माझ्या डबीत १० वी गोरखा रायफल्सचं एक काळं बटण आलं असतं, ज्याच्यासारखी शेकड्याने आहेत. या कोटावर, चौथ्या जागी, काळ्या दोऱ्याने लावलेलं असं मात्र हे एकच आहे. त्याचं जे काही सांगणं आहे ते त्याच्या शेजारच्या चार बटणांमुळे आहे. जगभरच्या संग्रहांत कोटांवरून कापलेली बटणं भरलेली आहेत, आणि प्रत्येक वेळी कोणाच्या तरी ट्रंकेत भोकं पडलेला कोट उरला आहे. मला हे पटत नाही. सुटी झालेली बटणं मी आनंदाने घेते, शिवलेली नाही.

मग फोटो काढले. प्रत्येक बटणाचं तोंड, कड, आणि कापड हळूच उलटून पाठीचा जेवढा भाग दिसेल तेवढा. शेजारी पट्टी धरून. कोटाच्या आत काही शिक्का, नंबर आहे का तेही पाहिलं. शाई पसरून गेली होती, दोन आकडे लागले, बाकी नाही. घरच्यांना एवढंच सांगितलं की कोट घडी न घालता सैल गुंडाळून ठेवा, डांबरगोळी कापडाला लागू देऊ नका, वर्षातून एकदा सावलीत वारा द्या, आणि बटणांना तेल-पॉलिश काहीही लावू नका. सासऱ्यांचं एखादं कागदपत्र सापडलं तर कळवा. आमांच्या कॉलेजात जाणाऱ्या नातवाने माझा नंबर घेतला.

परतताना काका म्हणाले, "माझे वडील इटलीत होते. त्यांचा कोट आम्ही बोहारणीला दिला." पुढे पायऱ्या संपेपर्यंत कोणी काही बोललं नाही.

शनिवार, पृथ्वी राजमार्ग

दिवसभर बस. रस्त्याचं काम चालू, धूळ, मुग्लिंगला जेवण. काठमांडूत शनिवारची सुट्टी, दुकानं अर्धी बंद.

रविवार, छाउनी

स्वयंभू स्तूपाच्या पायथ्याशी छाउनीत राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि समोरच लष्कराचं संग्रहालय. राष्ट्रीय संग्रहालयाची मूळची ओळख सिलखाना, म्हणजे शस्त्रागार. तिबेटच्या लढाईत मिळवलेल्या कातडी तोफा, नेपोलियन तिसऱ्याने जंगबहादुराला दिलेली तलवार, रांगेने भाले आणि बंदुका. मी आले होते ती राणांच्या, म्हणजे राजाच्या नावाने राज्य चालवणाऱ्या पंतप्रधान घराण्याच्या, गणवेशांसाठी.

जंगबहादूर राणा १८४६ च्या कोतपर्वातून, म्हणजे दरबारी हत्याकांडातून, सत्तेवर आला आणि १८५० मध्ये इंग्लंड-फ्रान्सला जाऊन आला. राणांच्या सैन्याचे कोट तेव्हापासून इंग्रजी वळणाचे होत गेलेले दिसतात: उभी कॉलर, छातीवर बटणांच्या रांगा, सोनेरी वेलबुट्टी. पण डोक्यावर श्रीपेच, रत्नजडित आणि वर पक्ष्याच्या पिसांचा झुपकेदार तुरा. इंग्रजी कोटावर स्वतःचं चिन्ह, हेच नेपाळी बटणाचं सूत्र आहे. खुकऱ्या, पादुका, चंद्र आणि सूर्य. मुकुट असलाच तर पिसांचा तुरा शोधायचा. इंग्रजी मुकुटाला तो नसतो आणि वर क्रूस असतो. तुरा दिसला की बटण नेपाळच्या स्वतःच्या सैन्याचं, हिंदुस्थानातल्या गोरखा पलटणीचं नव्हे. बाजारात या दोन गोष्टींची सगळ्यात जास्त गल्लत होते, कारण खुकऱ्या दोन्हीकडे आहेत.

देवनागरी अक्षरं असतील तर आणखी सोपं. श्री ५ म्हणजे राजा, श्री ३ म्हणजे राणा महाराज. जंगबहादुराला महाराज किताब १८५६ मध्ये मिळाला आणि राणाशाही १९५१ मध्ये संपली, त्यामुळे श्री ३ असलेली वस्तू या दोन सालांच्या मधली. राजा गेल्यावर चिन्हं पुन्हा बदलली. २००६ मध्ये शाही नेपाळी सेनेचं नाव नुसतं नेपाळी सेना झालं, आणि २००८ मध्ये राजेशाहीच उरली नाही. शाही मुकुटाचं बटण तरुण दिसलं तरी आता इतिहासात जमा आहे. पन्नास वर्षांनी लोक ते शोधतील, म्हणून मी नव्या दिसणाऱ्या नेपाळी बटणांनाही नाक मुरडत नाही.

लष्करी संग्रहालयात श्रीनाथ, कालीबक्ष, सबुज, पुरानो गोरख अशा पलटणींची नावं वाचली. पृथ्वीनारायण शहाच्या काळापासूनची ही नावं. मी पेन्सिलने चित्रं काढत होते. काका बाकावर बसून एका शाळेच्या सहलीला तोफेचे भाग समजावत होते, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत.

हेही लिहून ठेवते. २००३ च्या सुमारास काठमांडूतल्या लगन सिलखान्यातली जुनी शस्त्रं, मार्टिनी बंदुकांपासून खुकऱ्यांपर्यंत, हजारोंनी अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतली. दीडशे वर्षांचा साठा एकत्र, जागेवर होता. तो कुठल्या खोलीत, कुठल्या पेटीत, कशाशेजारी होता ही माहिती आता परत जुळवणं अवघड आहे. शुक्रवारच्या कोटाचंच हे मोठं रूप.

सोमवार, वसंतपूर

वसंतपूरच्या फरसबंदी चौकात सकाळी फडकी पसरतात: मुखवटे, नाणी, वाट्या, कुलपं. एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे ॲल्युमिनियमच्या परातीत बटणं होती. मांडी घातली आणि दुपारपर्यंत उठले नाही.

आधी चुंबक. पितळेला चुंबक धरत नाही. धरलं तर आत लोखंड. ते लगेच बाजूला काढावं असं नाही, कारण जुन्या बटणांच्या कड्या कधीकधी लोखंडी असतात. पण तोंडाला चिकटलं तर हल्लीचा मुलामा. मग पाठ. लंडनचे फर्मिन, जेनेन्स, बर्मिंगहॅमचे गाँट, स्मिथ अँड राइट आणि हॅमंड टर्नर, ही बटण बनवणाऱ्यांची नावं तिथे पुन्हा पुन्हा भेटतात. कारखान्याचा पत्ता बदलला की शिक्का बदले, त्यामुळे पत्ता म्हणजे तारीख: फर्मिनच्या नावाखाली १५३ स्ट्रँड असेल तर एकोणिसाव्या शतकाचा मधला काळ. गाँट १८८४ नंतरचे. कलकत्त्याच्या शिंपी कंपन्याही आपलं नाव पाठीवर घालून घेत. मात्र नाव आहे म्हणून बटण जुनं, असं म्हणू नये. जुन्या ठशांवरून नंतरही बटणं काढली गेली आहेत, पण त्यांची पाठ फार स्वच्छ आणि कडी फार चमकदार असते.

परातीत बरंच काही लष्करी नव्हतं. आगबोटीच्या कंपन्या, पोलीस, शाळा, आणि लग्नाच्या बँडचे कोट. बँडवाल्यांच्या कोटाची बटणं ओळखणं सोपं, त्यांच्यावर वीणा किंवा नुसतं शिंग असतं. नुसतं शिंग पाहून लाइट इन्फंट्री म्हणून विकायचा प्रयत्न झाला. शिंगाच्या वर मुकुट नाही, आत आकडा नाही, पाठीवर नाव नाही.

मग विक्रेत्याने कागदात गुंडाळलेलं खास बटण काढलं. ईस्ट इंडिया कंपनीचा सिंह, पुढच्या पंजात मुकुट धरलेला. कंपनीचं सैन्य १८५८ मध्ये राणीच्या सरकारकडे गेलं, म्हणजे खरं असेल तर त्याआधीचं. हातात घेतलं. जड, भरीव. सिंहाची आयाळ साबणाच्या झिजलेल्या वडीसारखी गुळगुळीत, पण मधल्या सपाट भागावर झीजच नाही. खरी झीज उंचवट्यांवर आधी येते आणि सपाटीवरही बारीक ओरखडे ठेवते. खोबणीतला हिरवा थर नखाने पावडरसारखा सुटला. टक्सारच्या कारागिराचा तुकडा आठवला. मी नम्रपणे परत दिलं. विक्रेता हसून म्हणाला, "मलाही तसंच वाटत होतं."

तळाशी मात्र एक छोटं पितळी बटण निघालं. दोन नाग फणा काढून, मध्ये सूर्य. शिंद्यांचं ग्वाल्हेर! १८८९ नंतर संस्थानांनी इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्स उभे केले, त्यांत ग्वाल्हेरच्या पलटणी होत्या. काठमांडूत हे कसं आलं ते सांगता येणार नाही, पण ग्वाल्हेर आणि नेपाळ यांच्यात विजयाराजांपासून त्यांचे पुत्र माधवराव यांच्या लग्नापर्यंत नात्याची ये-जा राहिली आहे. ते दरबारातल्या चाकराचंही असू शकतं. संस्थानांची चाकरांची आणि सैन्याची बटणं पुष्कळदा एकाच चिन्हाची. नोंदीत मी "ग्वाल्हेर, सैन्य किंवा दरबार" असं लिहिलं. काकांनी घासाघीस केली, अर्ध्यावर सौदा तुटला, विक्रेत्याने सगळ्यांना चहा दिला.

खोलीवर कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रश, मग कोरडं पुसणं, बस्स. चिंच, लिंबू, पितांबरी यांच्यापासून मुलाम्याची बटणं लांब ठेवावीत. सोन्याचा थर केसाहूनही पातळ असतो आणि एकदा गेला की गेला. काकांना मात्र बटण न चमकवता ठेवणं मनातून पटत नाही. भरतीच्या दिवसांत पितळी खाचेची बटणपट्टी कोटावर सरकवून, कापडाला डाग न लावता रोज पॉलिश मारलेला हात आहे तो.

मंगळवार, रामशाह पथ

शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू नेपाळबाहेर न्यायला १९५६ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याप्रमाणे पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. आपल्याकडेही १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांचीच रेघ आहे. बटण खिशात मावतं म्हणून ते खिशात घालून निघावं, असं नाही. रामशाह पथावरच्या कचेरीत आम्ही सगळी डबी उघडून ठेवली. अधिकाऱ्यांनी एकेक बघितलं आणि ग्वाल्हेरच्या नागांवर थोडा वेळ थांबले. श्री ३ चं एक फुटकं बटण होतं, ते मी तिथेच ठेवून घ्या म्हटलं. बाकीच्यांचा कागद मिळाला.

बाहेर पडून चहा घेत होतो तेव्हा पोखऱ्याच्या नातवाचा फोन आला. धान्याच्या कोठीमागे पत्र्याच्या नळकांड्यात पणजोबांचं डिस्चार्ज सर्टिफिकेट सापडलं होतं. त्याने फोटो पाठवला. ६ वी गोरखा रायफल्स, दुसरी बटालियन. परदेशी नोकरीच्या रकान्यात इटली.

मी काकांच्या हातात फोन दिला आणि वही काढली. इटलीत ४३ व्या लॉरीड, म्हणजे ट्रकमधून हलणाऱ्या, ब्रिगेडमध्ये तीन गोरखा बटालियन एकत्र होत्या: ६ वीची दुसरी, ८ वीची दुसरी आणि १० वीची दुसरी. पश्चिमेकडचे गुरुङ आणि पूर्वेकडचे राई एकाच ब्रिगेडमध्ये, १९४५ च्या वसंतात मेदिचिना या गावापर्यंत. त्या चौथ्या बटणाची वाट तिथून गेली असावी. असावी, एवढंच, नंतर मलायातही या दोन्ही रेजिमेंट होत्या, पण पणजोबा १९४६ मध्ये घरी आले असं त्या कागदावर होतं.

नातवाला सगळं सविस्तर लिहून पाठवलं आणि त्या कागदाची एक प्रत कोटाच्या ट्रंकेत ठेवायला सांगितलं. माझ्या नोंदवहीत कोटाची पाच बटणं पाच ओळींत गेली: माप, जिन्नस, चिन्ह, दोरा, जागा. मालकाच्या रकान्यात घराचं नाव.

काकांनी दरम्यान पूर्व नेपाळातल्या धरानच्या बसची चौकशी करून ठेवली होती. तिथेही भारतीय पेन्शन कचेरी आहे, आणि आजूबाजूचे डोंगर राई-लिंबूंचे. १० व्या पलटणीच्या एखाद्या कोटावर ६ चं बटण निघतं का, ते पुढच्या कार्तिकात जाऊन बघायचं ठरलं आहे.